‘मुळे’ आणि ‘शिवाय’ : सायकलीच्या तोलाविषयीच्या विवेचनाची एक चिकित्सा

१

चालती सायकल पडत का नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असते. ‘चाके फिरत असतात; फिरते चाक भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष सोडीत नाही; त्यामुळे सायकल उभी राहते’, असे ते उत्तर होय. ते सुटसुटीत आहे, स्मरणात राहणारे आहे आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एका वाक्यात बसणारे आहे. ते बरोबर मात्र नाही.

या उत्तराला पहिला जाहीर आणि लोकप्रिय धक्का दिला तो डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी. त्यांचा ‘सायकलीचे स्थैर्य’ या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध ‘फिजिक्स टुडे’ या मासिकाच्या एप्रिल १९७०च्या अंकात प्रसिद्ध झाला आणि त्याच मासिकाने तो २००६ साली पुनर्मुद्रित केला. जोन्स हे ‘डेडालस’ या टोपणनावाने ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात विनोदी वैज्ञानिक कल्पनांचे सदर लिहीत असत. त्या लेखणीचा खेळकरपणा या निबंधातही उतरला आहे. विज्ञानविषयक निबंधाचा नमुना म्हणून तो पुष्कळदा वाचला जातो आणि त्याचे ते स्थान योग्यच आहे. तथापि या निबंधाच्या पूर्वार्धातील शहाणपण त्याच्या उत्तरार्धात टिकलेले नाही. एका खोट्या एकमेव कारणाला पदच्युत केल्यावर जोन्स यांनी त्याच सिंहासनावर दुसरे एकमेव कारण बसविले. हे कसे घडले, हे पाहणे हा येथील विवेचनाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. ‘कारण’ या शब्दाचा व्यवहार विवेचनात्मक गद्यात कसा होतो, हा भाषेच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे.

२

प्रथम प्रश्नाची वाटणी केली पाहिजे. कारण ‘सायकलीचा तोल’ या एका शब्दसमूहाखाली तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रश्न असा : कोणीही न बसलेली सायकल पुरेशा वेगाने ढकलून सोडली असता काही काळ सरळ का चालते? दुसरा : माणूस बसलेला असता तो आपला तोल कसा राखतो? आणि तिसरा : तो हवे तेव्हा हव्या त्या बाजूला वळतो कसा?

मराठी भाषेत ही वाटणी क्रियापदांतच झालेली आहे. ‘तोल राहतो’ हे अकर्मक, ‘तोल राखतो’ हे सकर्मक. ‘सायकल वळते’ हे अकर्मक, ‘स्वार सायकल वळवितो’ हे प्रयोजक. मराठीतही ‘मोडणे’, ‘उघडणे’ यांसारखे उभयविध धातू आहेतच, तेव्हा या बाबतीत मराठीला काही विशेष तात्त्विक पुण्याई लाभली आहे असे समजण्याचे कारण नाही. परंतु या विषयात जे धातू लागतात ते सुदैवाने उभयविध नाहीत. इंग्रजीत मात्र ‘बॅलन्स’, ‘स्टिअर’ आणि ‘टर्न’ ही तिन्ही क्रियापदे दोन्ही बाजूंनी चालतात. सायकल ‘बॅलन्स’ करते आणि स्वारही सायकल ‘बॅलन्स’ करतो. यंत्राचे वर्तन सांगत असता माणसाच्या कर्तृत्वाकडे नकळत घसरणे, आणि उलट, ही त्या भाषेतील विवेचनाला सदैव जवळची वाट आहे. जोन्स यांच्या निबंधात ही घसरण कोठे होते ते पुढे दिसेल.

३

जोन्स यांच्या आधीची परंपरा थोडक्यात अशी. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे दोन चाकांचे लाकडी धावयंत्र रस्त्यावर आणले. त्याला पायटे नव्हती; स्वार पायांनी जमीन रेटीत जाई. पुढचे चाक मात्र वळविता येई, आणि या यंत्राचे सारे भवितव्य त्या एका सोयीत होते. १८६०नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायटे लागली, स्वाराचे पाय जमिनीवरून सुटले आणि तोलाचा प्रश्न प्रथमच पूर्णत्वाने उभा राहिला.

१८६९ साली स्कॉटिश अभियंते विल्यम रॅंकिन यांनी ‘दि एंजिनिअर’ या नियतकालिकात या यंत्राच्या गतीची मीमांसा केली. स्वार ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला तो पुढचे चाक वळवितो आणि अशा रीतीने चाकांचे टेकू पुन्हा आपल्या भाराखाली आणतो, हे त्यांचे सूत्र. तळहातावर काठी उभी धरणारा मुलगा काठी ज्या बाजूला कलते तिकडे हात नेतो. सायकलीत हात नेण्याचे काम चाके वळून करतात. हे सूत्र आजही अबाधित आहे. ते स्वाराविषयीचे, म्हणजे ‘राखण्या’विषयीचे सूत्र आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

‘राहण्या’चा प्रश्न तीस वर्षांनी सुटला. १८९९ साली केंब्रिजचे तरुण गणिती फ्रान्सिस व्हिपल आणि फ्रान्समधील एमॅन्युएल कार्व्हालो यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सायकलीच्या गतीची समीकरणे मांडली. हात न लावलेली सायकल विशिष्ट वेगमर्यादेत आपोआप स्थिर राहू शकते, हे त्या समीकरणांतून निष्पन्न झाले. पुढे १९१० साली फेलिक्स क्लाइन आणि आर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्या भोवऱ्यावरील बृहद्ग्रंथाचा चौथा खंड प्रसिद्ध झाला. त्यात सायकलीचे विवेचन आहे. फिरत्या चाकांचा घूर्णी परिणाम, म्हणजे जायरोस्कोपचा परिणाम, अल्प असला तरी स्वयंस्थैर्याला आवश्यक आहे, असा निष्कर्ष तेथे आला.

या निष्कर्षाचे वाचन काळजीपूर्वक करावयास हवे. अमुक मापांची एक सायकल घेतली; तिच्या समीकरणांतून चाकांच्या फिरण्याचा भाग वगळला; स्वयंस्थैर्य नाहीसे झाले. यातून एवढेच सिद्ध होते की ‘या सायकलीला’ घूर्णी परिणाम आवश्यक आहे. परंतु ‘ही सायकल’ हा निर्देश गळून पडला आणि ‘सायकल’ हे जातिवाचक नाम त्याच्या जागी आले. दर्शक विशेषण गाळल्याने विधानाची व्याप्ती एका यंत्रापासून सर्व यंत्रांपर्यंत पसरते. पुढे लोकप्रिय लेखनात ‘अल्प’ हे विशेषणही गळाले, ‘वळण्याच्या द्वारा’ ही प्रक्रिया गळाली, आणि फिरते चाक भोवऱ्यासारखे सायकलीला धरून ठेवते, हे चित्र उरले.

हे चित्र चुकीचे आहे, हे दाखविण्यास समीकरण लागत नाही. साध्या सायकलीचे हँडल घट्ट जखडून टाकावे आणि ती जोराने ढकलावी. चाके पूर्ववत फिरतात, आणि सायकल पडते. चाकाचे फिरणे सायकलीला धरून ठेवीत नाही. पुढचे फिरते चाक उजवीकडे कलले की भोवऱ्याच्या नियमाने ते उजवीकडे वळूही लागते, एवढेच त्याचे कार्य. म्हणजे घूर्णी परिणाम कामाला येतो तो हँडलाच्या मार्फत. रॅंकिन यांच्या स्वाराचे हात जे करतात ते येथे काही अंशी चाक स्वतः करते.

४

या पार्श्वभूमीवर जोन्स यांनी १९७०च्या निबंधात एक विलक्षण मार्ग पत्करला. सायकल का चालते हे शोधण्यासाठी त्यांनी न चालणारी सायकल बनविण्याचे ठरविले. कोणत्याही गोष्टीचे खरे कारण काढून घेतले तर ती गोष्ट घडू नये, हा त्यामागील तर्क. एकामागून एक अशा ‘चालविता न येणाऱ्या’ सायकली त्यांनी तयार केल्या आणि स्वतः त्यांच्यावर बसून पाहिले.

पहिल्या सायकलीत पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवून ते उलट दिशेने फिरविले. दोन्ही चाकांचा कोनीय संवेग परस्परांस छेद देतो आणि घूर्णी परिणाम नाहीसा होतो. ही सायकल त्यांना सहज चालविता आली. हात सोडून चालविणे मात्र कष्टाचे झाले. स्वाराशिवाय ढकलून सोडली तेव्हा ती चटकन पडली. आणि तेच जादा चाक सरळ दिशेने फिरविले असता रिकामी सायकल फार वेळ उभी राहिली. दुसऱ्या सायकलीला पुढे टेबलखुर्चीच्या पायाला असते तसले इवलेसे चाक होते. तिसऱ्या सायकलीचा पुढचा चिमटा उलटा फिरविला होता. तिला रिकामी असताही विलक्षण स्थैर्य आले. चौथ्या सायकलीत पुढचे चाक सुमारे दहा सेंटिमीटर पुढे नेले होते. ही सर्वांत अवघड ठरली, तरीही चालविता न येणारी अशी ती ठरली नाही.

या भागाचे मोल शंकातीत आहे. सर्वांना ठाऊक असलेले उत्तर घेऊन कोणीतरी गॅरेजमध्ये बसते, त्या उत्तरातील कारण हाताने काढून टाकते आणि परिणाम शिल्लक राहतो की नाही हे पाहते, हा वैज्ञानिक विवेचनाचा आदर्श होय. शिवाय प्रयोग फसला तरी जोन्स खचत नाहीत. न चालणारी सायकल बनतच नाही, हा पराभव ते मोकळेपणाने सांगतात. आणि तो पराभवच निबंधाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष ठरतो.

पहिल्या सायकलीच्या प्रयोगातून काय सिद्ध झाले, हे मात्र नेमके सांगितले पाहिजे. स्वाराला तोल राखण्यासाठी घूर्णी परिणामाची गरज नाही, हे सिद्ध झाले. रिकाम्या सायकलीचा तोल राहण्यासाठी त्याची गरज नाही, हे सिद्ध झाले नाही. उलट ती सायकल तर चटकन पडली. जोन्स यांना हा भेद दिसला नव्हता असे नाही. हलकी रिकामी सायकल आणि स्वाराच्या भारासह चालणारी सायकल यांचा हिशेब निराळा आहे, हे ते नोंदवितात. परंतु नोंदविल्यावर ते थांबत नाहीत. ‘चालविता येणे’ या कसोटीने एक उपपत्ती नापास करून ते दुसरी उपपत्ती शोधू लागतात, आणि ती दुसरी उपपत्ती मात्र ‘आपोआप स्थिर राहणे’ या कसोटीवर पास करतात. प्रश्न बदलला, उत्तरांची स्पर्धा मात्र एकच असल्याप्रमाणे चालू राहिली. मघा ज्या घसरणीचा उल्लेख केला ती हीच.

५

जोन्स यांचे पर्यायी उत्तर ‘ट्रेल’ हे होय. पुढच्या चिमट्याचा अक्ष तिरपा असतो. तो खाली जमिनीपर्यंत वाढविला तर चाक जेथे टेकते त्या बिंदूच्या थोडा पुढे तो जमिनीला मिळतो. या दोन बिंदूंतील अंतराला ट्रेल म्हणतात. नेहमीच्या सायकलीत ते काही सेंटिमीटर असते. चहाच्या ढकलगाडीचे चाक ज्याप्रमाणे आपल्या खुंटीच्या मागे मागे फरफटत येते आणि म्हणून गाडी ढकलू त्या दिशेने वळते, त्याप्रमाणे सायकलीचे पुढचे चाकही आपल्या अक्षाच्या मागे राहते. सायकल कलली की ट्रेलमुळे हँडल कलाच्या बाजूला वळते. तिसऱ्या सायकलीत चिमटा उलटा केल्याने ट्रेल वाढला होता. चौथीत चाक पुढे नेल्याने तो ऋण झाला होता. प्रयोगांशी हे जुळत होते. त्यावर जोन्स यांनी संगणकाच्या साहाय्याने एक आकडेमोडही केली : सायकल अमुक अंश कलली आणि हँडल तमुक अंश वळले तर चिमट्याची उंची किती कमी होते? ज्या स्थितीत उंची कमी होते त्या स्थितीकडे हँडल आपोआप जाणार, हा त्यामागील आधार.

या उपपत्तीत सत्यांश आहे. नेहमीच्या सायकलीत ट्रेल महत्त्वाचे काम करतो, यात वाद नाही. आक्षेप तीन आहेत. पहिला : चिमट्याची उंची मोजणे हे स्थिर वस्तूचे गणित आहे. प्रश्न चालत्या वस्तूचा आहे. वेग, वस्तुमानाची वाटणी आणि निरूढी यांना या हिशेबात स्थान नाही. परंतु एकच सायकल एका वेगाला पडते आणि दुसऱ्या वेगाला उभी राहते, ही तर मूळ वस्तुस्थिती आहे. दुसरा : व्हिपल यांची समीकरणे सत्तर वर्षे उपलब्ध असताना त्यांचा आधार न घेता उपपत्ती उभारली गेली. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : चार सायकलींत ट्रेल आणि स्थैर्य बरोबर वाढले-घटले, एवढ्यावरून ‘सायकलीचे स्थैर्य ट्रेलमुळे’ असे म्हणताना क्लाइन-झोमरफेल्ड परंपरेत गळालेले ‘ही’ हे दर्शक विशेषण जोन्स यांच्याही हातून गळाले. ‘या सायकलींत’ जे दिसले ते ‘सायकलीत’ असते असे ठरले.

मराठी व्याकरणात ‘च’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय मानले जाते. ते नामाला चिकटले की दुसऱ्या साऱ्या शक्यता एका अक्षराने बाद होतात. ‘चाकांच्या फिरण्यामुळे’ हे विधान सुसह्य आहे. ‘चाकांच्या फिरण्यामुळेच’ हे खोटे आहे. जोन्स यांचा सारा हल्ला या ‘च’वर होता आणि तो यशस्वी झाला. परंतु ‘ट्रेलमुळे’ असे लिहिताना तोच ‘च’ त्यांच्या वाक्यात अनुच्चारित रूपाने परत आला. निबंध ज्या दोषाविरुद्ध लिहिला गेला त्याच दोषात तो संपला.

६

या अनुच्चारित ‘च’ची परीक्षा पुढे एकेचाळीस वर्षांनी झाली. मध्यंतरी २००७ साली मायार्ड, पापाडोपुलोस, रूइना आणि श्वाब या चौघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये व्हिपल यांच्या पद्धतीची समीकरणे नव्याने तपासून, पूर्वीच्या लेखकांच्या चुका निवडून, एक प्रमाण रूप प्रसिद्ध केले. सायकलीचे वर्णन करण्यास तेथे पंचवीस राशी लागतात. नमुन्यादाखल घेतलेल्या, ८ सेंटिमीटर ट्रेलच्या एका सायकलीत, स्वार ताठ बसलेला आणि हात सोडलेला आहे असे धरून, सेकंदाला सुमारे ४·३ मीटर ते ६·० मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५·५ ते २१·७ किलोमीटर या वेगांच्या दरम्यान स्वयंस्थैर्य मिळते. त्याखाली ती नागमोडी डोलत जाऊन पडते. त्यावर हळूहळू एका बाजूला कलंडते. पंचवीस राशी आणि एक वेगमर्यादा, हे या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. त्याला एका नामाचे रूप देता येत नाही.

त्यानंतर १५ एप्रिल २०११च्या ‘सायन्स’च्या अंकात याच चौघांचा, कोइमन यांच्यासह लिहिलेला, लेख आला. त्यांनी एक चमत्कारिक लहानसे यंत्र बांधले होते. त्याची चाके इवलीशी. प्रत्येक चाकावर उलट फिरणारे दुसरे चाक, त्यामुळे घूर्णी परिणाम जवळजवळ शून्य. आणि पुढचे चाक अक्षाच्या चार मिलिमीटर पुढे टेकलेले, म्हणजे ट्रेल ऋण. पहिल्या उपपत्तीचे कारण नाही, दुसऱ्या उपपत्तीचेही नाही. तरीही ढकलून सोडल्यावर हे यंत्र उभे राहिले, आणि बाजूने धक्का दिला असता सावरलेही.

ते सावरते कसे? पुढच्या भागाचे वजन वळणाच्या अक्षाच्या पुढे आणि मागच्या भागाच्या वजनाहून खाली ठेवलेले आहे. आखूड काठी लांब काठीपेक्षा लवकर पडते, हे बोटावर पेन्सिल आणि तळहातावर झाडूचा दांडा उभा धरून पाहणाऱ्याला कळते. पुढचा भाग मागच्या भागापेक्षा लवकर पडू पाहतो. दोन्ही भाग बिजागरीने जोडलेले असल्यामुळे त्या घाईचे रूपांतर कलाच्या बाजूला वळण्यात होते. हे तिसरे कारण झाले. परंतु लेखकांनी त्याचा राज्याभिषेक केलेला नाही. उलट, वेगवेगळ्या मापांनी असे एकेक कारण वगळूनही स्थिर सायकली कल्पिता येतात, हे ते दाखवितात. कायम राहते ते एवढेच की, स्वयंस्थिर सायकल कलाच्या बाजूला वळते. आणि कल व वळण यांना जोडणारा काही ना काही दुवा तिच्यात असावाच लागतो. तो कोणता, याचे उत्तर यंत्रागणिक वेगळे.

या लेखाच्या शीर्षकाकडे पाहावे. घूर्णी परिणामाशिवाय आणि ट्रेलशिवाय सायकल स्वयंस्थिर असू शकते, असा त्याचा आशय आहे. येथे ‘मुळे’ नाही, ‘शिवाय’ आहे. ‘असते’ नाही, ‘असू शकते’ आहे. शंभर वर्षांच्या विवेचनाचा इतिहास एका शब्दयोगी अव्ययाच्या बदलात सामावला आहे. ‘मुळे’ हे अव्यय एका नामाला कारणाचे पद देते. ‘शिवाय’ हे अव्यय ते पद किती नाममात्र होते हे दाखविते. असे विधान सिद्ध करण्यास एकच यंत्र पुरते, आणि त्या लेखकांनी ते एकच यंत्र बांधले. विधान आणि पुरावा यांची मापे इतकी नेमकी जुळलेली क्वचितच आढळतात.

या लेखाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. त्याने ‘राहण्या’चा प्रश्न सोडविला, ‘राखण्या’चा नाही. त्या यंत्रावर कोणी बसलेले नाही. जोन्स निदान आपल्या सायकलींवर चढून बसले होते. स्वाराचा प्रश्न त्यांच्या निबंधात गुंतागुंतीने का होईना, पण उपस्थित होता.

७

स्वाराकडे वळले की भाषेचा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण स्वार स्वतः जे करतो ते त्याला सांगता येत नाही. विमानाचे संशोधक विल्बर राइट हे मुळात सायकलींचे व्यावसायिक. डावीकडे कसे वळता, असे त्यांनी अनेक सायकलस्वारांना विचारले होते, आणि पहिल्याच प्रश्नाला पूर्ण बरोबर उत्तर देणारा एकही स्वार त्यांना भेटला नाही. हँडल डावीकडे फिरवितो, असे बहुतेक सांगत. वस्तुतः डावीकडे वळावयाचे तर हँडल प्रथम किंचित उजवीकडे जावे लागते. त्यायोगे चाकांचे टेकू उजवीकडे सरतात, देह डावीकडे कलतो, आणि त्यानंतर हँडल डावीकडे येते. ताशी १८ किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येचे वळण घेणाऱ्याला सुमारे १४ अंश कलावे लागते. वेग दुप्पट केला तर ४५ अंशांहून किंचित अधिक. कल आधी मिळविल्याशिवाय वळण मिळत नाही, आणि कल मिळविण्याचा मार्ग उलट दिशेने जातो. मोटारसायकलीवर हीच गोष्ट हातांना स्पष्ट जाणवते. तेथे नवशिक्यांना ती मुद्दाम शिकविली जाते : उजवीकडे जावयाचे तर हँडलाची उजवी मूठ पुढे रेटावी.

मायकेल पोलान्यी यांनी ‘पर्सनल नॉलेज’ या १९५८च्या ग्रंथात सायकलस्वाराचे उदाहरण घेतले ते यासाठीच. दिलेल्या कलासाठी वळणाची वक्रता वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम कोणाला पाठ करविला म्हणून त्याला सायकल येत नाही, आणि ज्याला सायकल येते त्याला हा नियम ठाऊक नसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ‘येणे’ हे मराठी क्रियापद येथे बोलके आहे. ‘त्याला सायकल येते’ या वाक्यात जाणणारा चतुर्थीत आहे आणि विद्या कर्त्याच्या जागी आहे. माणूस सायकल ‘जाणीत’ नाही. सायकल त्याला ‘येते’.

मोटारसायकलीने आणखी एक शब्द सैल केला, तो म्हणजे ‘स्थिर’. १९७१ साली रॉबिन शार्प यांनी मोटारसायकलीच्या स्थैर्याची जी मीमांसा प्रसिद्ध केली तीत गतीचे तीन प्रकार वेगळे काढले : सावकाश कलंडणे, सबंध वाहनाचे नागमोडी डोलणे, आणि पुढच्या चाकाचा जलद थरथराट. एखाद्या वेगाला वाहन पहिल्या प्रकारात स्थिर आणि दुसऱ्यात अस्थिर असू शकते. तेव्हा ‘ही गाडी स्थिर आहे’ हे वाक्यच अपुरे ठरते. कोणत्या वेगाला, आणि कोणत्या प्रकारच्या हालचालीपुरती, हे दोन शब्द त्यात यावयास हवेत.

८

२०११च्या लेखानंतर लोकप्रिय लेखनात एक नवे वाक्य रूढ झाले : सायकल का पडत नाही हे विज्ञानाला अद्याप ठाऊक नाही. हे वाक्य जुन्या वाक्याइतकेच चुकीचे आणि अधिक हानिकारक आहे. समीकरणे १८९९पासून ठाऊक आहेत. दिलेली सायकल कोणत्या वेगाला उभी राहील हे त्यांवरून काढता येते. ठाऊक नाही ते एवढेच की, पंचवीस राशींचे ते उत्तर एका नामात आणि एका ‘मुळे’त कसे सांगावे, आणि ते तसे सांगता येईल, अशी हमी कोणी दिलेली नाही. सांगता न येणे म्हणजे न कळणे नव्हे, हे सायकलस्वाराच्या बाबतीत पोलान्यींनी दाखविले. गणिताच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. ‘कारण सांगा’ या आज्ञार्थात ‘कारण’ हे नाम एकवचनी वाचले जाते, आणि विद्यार्थी एक नाम शोधतो. चाकांचे फिरणे लिहिले तर गुण मिळतात. पुढे ट्रेल लिहिला तर कदाचित अधिक मिळतील. दोन्ही वेळा विद्यार्थी शिकतो ते सायकलीविषयी नव्हे, तर प्रत्येक परिणामाला एकच धनी असतो, हे. आणि हा धडा तो इतिहासात, अर्थशास्त्रात व भाषाशास्त्रातही घेऊन जातो. एखाद्या बोलीतील ध्वनिपरिवर्तन ‘संपर्कामुळे’ झाले, असे लिहून मोकळे होणारा अभ्यासक आणि सायकल ‘चाकांमुळे’ उभी राहते असे लिहिणारा विद्यार्थी यांच्यात तर्काच्या दृष्टीने अंतर नाही. त्या अभ्यासकानेही ‘शिवाय’ची कसोटी लावली पाहिजे : संपर्काशिवाय हेच परिवर्तन अन्यत्र घडले आहे काय?

जोन्स यांच्या निबंधाचे स्थान यावरून ठरवावे. त्यांची उपपत्ती टिकली नाही. त्यांची पद्धत टिकली. कारण काढून टाका आणि पाहा, हे त्यांनी शिकविले. आणि २०११च्या लेखकांनी तीच पद्धत जोन्स यांच्या स्वतःच्या कारणावर वापरली. ज्या निबंधाने पुरविलेल्या हत्याराने त्याच निबंधाचा निष्कर्ष खोडता येतो, तो निबंध वाया गेला असे म्हणता येत नाही. तो विद्यार्थ्यांनी वाचावा. मात्र उत्तरार्धाशी येऊन ‘मुळे’ या अव्ययावर क्षणभर थांबावे, आणि न लिहिलेला ‘च’ तेथे वाचून पाहावा.